कारणाचा रकाना

रेक्याविकच्या कचेरीनं मला पाठवलं ते मिनिटं मोजायला.
फ्योर्डच्या टोकाशी मासळीचा कारखाना,
बत्तीस माणसं, एक पट्टा,
आणि एकट्या जानेवारीत पट्टा बंद राहिल्याची
एकशे चौऱ्याहत्तर मिनिटं.

स्टेनवोरनं नोंदवही पुढं सरकवली.
तारीख, वेळ, मिनिटं, सगळं चोख.
कारणाच्या रकान्यात मात्र दर वेळी एकच शब्द :
बर्फ.

मी म्हणालो, बर्फ बाहेर पडतो, बाई,
पट्टा तर आत आहे.
ती म्हणाली, कॉफी घ्या.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला
तो पत्र्यावरून घसरला. ढप्प.
एवढंच. शेजारच्या घरात कुणी गादी टाकावी इतपत.
पण ओळीतल्या सगळ्या सुऱ्या जागच्या जागी थांबल्या.
ह्योर्दिसनं टेबलाची कड धरली,
तिच्यापुढं अर्धा चिरलेला कॉड, तोंड उघडं.
लेशेक तर त्या वर्षी इथं नव्हताच, ग्दान्स्कला शाळेत होता,
तरी तोही थांबला,
शेजारी श्वास धरून उभा असला की
आपलाही सुटत नाही.

स्टेनवोरनं लाल बटण दाबलं.
काय झालं, असं तिनं विचारलं नाही.
ते डोंगरालाही ठाऊक आहे.
ती फक्त नावं घेत गेली, सावकाश,
घाई कशी ती नाहीच,
आणि एकेक जण म्हणत गेला :
आहे.
आहे.
आहे.

(त्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत
अशीच नावं पुकारली होती, हे मला नंतर कळलं.
नऊ नावांना उत्तर आलं नव्हतं.)

एकतीस नावं झाली.
मग ओळीच्या टोकाकडून कुणीतरी,
आवाज अजून धड न फुटलेल्या पोरानं, विचारलं :
स्टेनवोर?
ती म्हणाली, आहे.
पट्टा सुरू झाला. अकरा मिनिटं.

संध्याकाळी तिनं टेबलाचा खण उघडून दाखवला.
आत एक शिट्टी, पितळेची.
पहिल्या वर्षी मी ही वाजवायचे, म्हणाली,
वाटायचं, शिस्त लागली की भीती जाईल.
आउस्मुंडुर एकदा टेबलाखाली गेला, कान झाकून,
सहा फुटांचा गडी.
दुसऱ्या दिवसापासून आला नाही.
टाकून का देत नाही?
खण लावत म्हणाली, कुठं टाकू?

तेव्हापासून ती मागून येताना
चार पावलं आधीपासून बोलू लागते,
काहीही, हवामान, बटाट्याचा भाव.
मला वाटलं होतं, बाई बडबडी आहे.

छपराला तापत्या तारा का नाही बसवत, मी विचारलं.
थोडं साहेबीच विचारलं.
तिनं एक फाइल काढली.
चार वर्षं, चार अर्ज.
चार नकार.
शेवटच्या दोन पत्रांखालची सही
मी दिव्याजवळ नेऊन पाहिली.
उगाच. स्वतःची सही ओळखायला
दिवा कशाला लागतो.
ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पहाटे पाचला जाग आली.
खिडकीतून छपरावर एक उजेड हलताना दिसला.
पाळी सुरू व्हायच्या आत
जमेल तेवढा बर्फ ती फावड्यानं उतरवते,
थोडा थोडा, खाली आवाज नको म्हणून.
रात्रभर पडत राहिला तर पुरी पडत नाही.
त्या दिवसांची ती मिनिटं.

मी बूट चढवून गेलो. शिडी धरली.
वरून ती म्हणाली,
धरलीत ना? मग बोलत राहा,
खाली कुणी आहे हे मला कळायला हवं.

काय बोलणार?
बटाट्याचा भाव मला ठाऊक नव्हता.
माफी घशाशी आली, पण
काळोखात शिडीखालून मागायची गोष्ट नव्हे ती.
दुसरं काही सुचेना,
तेव्हा मी मोजायला लागलो, मोठ्यानं,
एक मिनिट,
दोन,
तीन —