चुंबळ

आर्गिरिसच्या मळ्यात वेल उभा नाही.
वाऱ्याला भिऊन जमिनीवरच
चुंबळ वळून बसलाय,
आत चार घोस, अंड्यांसारखे उबवत.

"पाऊस?" मी विचारलं.
"धुकं चाटतो," तो म्हणाला,
"आणि गप्प राहतो."

फळीवर पाच पेले.
शेजारचा जर्मन वहीत लिहितोय:
लिंबू, गारगोटी, मीठ, मध, अमुक, तमुक.
मला नुसतं आंबट लागलं. तसं सांगितलं.

झंबेता, त्याची आई,
दात नसलेलं हसली;
थुंकायची बादली पायानं सारली लांब
अन् ज्वालामुखीचा एक काळा खडा
ठेवला माझ्या तळहातावर:
आधी हा चाट.

चाटला.
मग घोट.

बोटीचा भोंगा दोनदा वाजला तरी
मी तिथंच.

पुढच्या बेटावर
नळाचं पाणीही प्यालो,
खिशातला खडा चाटून.