दोरी

युद्धनौकेच्या कप्तानाने फुनाफुटीवर
खांब आणला, झेंडा आणला,
दोरी मात्र विसरला.
लोटोआलाने दिली: मांडीवर वळलेली, काथ्याची,
होडी बांधून उरलेली.
‘आजपासून तुमचं रक्षण आम्ही करू.’
कोणापासून, ते दुभाष्यालाही सांगता आलं नाही.

मग खोबऱ्यावर पट्टी बसली. रविवारचे बूट आले.
कुणीतरी दूर टेबलावर
आमची बेटं गिल्बर्टच्या बेटांना
एका ‘आणि’ने जोडली.
तो ‘आणि’ सोडवायला साठ वर्षं गेली.
शेवटी चिठ्ठ्या मोजल्या.
वाटणीत जहाज आलं, एकच.

आज खांबापाशी सुलुफाइगा,
हातात नवा झेंडा, घड्या अजून मोडलेल्या नाहीत.
दोरी ती नव्हे. काथ्या कुजतो;
तिच्या घरचं कोणी ना कोणी
दर दोन-तीन वर्षांनी नवी वळत आलंय,
मजुरी कुणी विचारली नाही.
ती गाठ मारते, होडीचीच.

बँड चुकतो, थांबतो, पहिल्यापासून धरतो.
पुलाकाच्या खड्ड्यात
रात्रीच्या भरतीचं खारं पाणी शिरलंय, पानं पिवळी.
त्याचं रक्षण
आता आमच्याकडे.