पाटी

मिरजेत, स्टेशनकडून येताना डाव्या हाताला
वडिलांची पाटी होती : डॉ. थान, दातांचा दवाखाना.
आत, खुर्चीमागच्या फळीवर, दुसरी.
वीतभर लाकूड, उभी अक्षरं.
आमचे आजोबा म्हणजे एवढेच.

वडील रोज सकाळी तिच्यासमोर तीनदा वाकत,
मग कवळ्यांचं प्लास्टर कालवायला घेत.
आई, माहेरची अमोलिक, मिशन हॉस्पिटलात सिस्टर,
तेवढा वेळ अंगणात कपडे वाळत घाली.
ओले नसले तरी.

पाळक उजगरे एकदा दाढ काढायला आले.
तोंडात कापूस, बोट पाटीकडे.
वडील म्हणाले, तुमची पाचवी आज्ञा
आमच्या कुंग मास्तरांनी पहिली धरली, इतकंच.
पाळकांना हसायचं होतं बहुतेक,
पण अर्धा जबडा बधिर होता.

त्या रात्री भिंतीपलीकडून आई :
प्रभू तर म्हणाला, बापाला पुरायलाही थांबू नकोस,
चल माझ्यामागून.
वडील बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, मी नाहीच थांबलो.
कुणी बोलावलंही नव्हतं.
बोटीत बसलो. मागे त्यांना कुणी पुरलं,
ठाऊक नाही.

आईनं पुन्हा विषय काढला नाही.
नमलीही नाही. जेवणाआधीची प्रार्थना
जरा मोठ्यानं म्हणू लागली.
वडील भाकरीवर हात ठेवून थांबत.
आमेन म्हणत नसत,
आणि तिच्या आमेनआधी घास मोडत नसत.

आई मार्चमध्ये गेली.
पंधरा दिवसांनी वडील सकाळी उभे राहिले
आणि वाकलेच नाहीत.
पाटीवरून बोट फिरवलं. धूळ.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
मला हाक मारून ते बोट दाखवलं,
पेशंटला कीड दाखवत तसं,
एक शब्द न बोलता.

सतारमेकर गल्लीत इस्माईलचाचांकडे
दांडीतून उरलेला तुणाचा तुकडा होता.
वेलबुट्टीच्या बारीक पटाशीनं त्यांनी आईचं नाव कोरलं,
मराठीत, पण उभं :
क
रु
णा
खाली क्रूस काढू का, डॉक्टर?
वडील म्हणाले, तिला विचारायचं राहिलं.
जागा सोडा.

आता वडीलही नाहीत.
रविवारी उपासनेहून आले की
साडी न बदलताच फडकं घेते.
आजोबांची अक्षरं मला वाचता येत नाहीत,
खाचाखाचांतून नुसतं बोट फिरतं.
आईच्या नावाखालची जागा अजून मोकळी आहे.
धूळ तिथंच जास्त दिसते.