सत्त्याऐंशी भोकं

कलिन्यात आमच्या विहिरीवर जे झाकण आहे
ते धावपट्टीचं.
तीन लोखंडी पट्ट्या, आकड्यात आकडा अडकवलेल्या,
एकेकीला सत्त्याऐंशी भोकं.
बेचाळीस साली सरकारला घाई होती.
खडी दाबायला वेळ नाही, लोखंड अंथरा.
अंथरलं, आमच्या भातावर,
लोंबी भरायला पंधरा दिवस होते तेव्हा.

इनासकाकाला मोबदला आला. नावाचं स्पेलिंग चुकलेलं,
म्हणून वटला नाही.
नोकरी मात्र लागली:
रात्री धावपट्टीच्या कडेने दिवे लावायचे,
झारीसारखे, चोचीचे, रॉकेलचे,
दोन्ही अंगांना चोवीस चोवीस.
डावीकडचा अकरावा आपल्या खळ्यावर येतो, असं तो सांगे.
काळोखात कसं ओळखायचास, विचारलं
तर म्हणे, पायाला कलतं.

विमानं समुद्रावर जात, पाणबुड्या हुडकायला.
पोटात बॉम्ब, म्हणून जातानाचा आवाज जड,
येतानाचा हलका.
लग्नात दोन पेले झाले की काका नक्कल करायचा.
येतानाचा त्याला कधी नीट जमला नाही.

एका रात्री पाच गेली, चार आली.
दिवे विझव, असं सांगायला कुणी आलंच नाही.
काका रॉकेल भरत राहिला,
अठ्ठेचाळीस दिवे, फेरीवर फेरी.
उजाडलं, म्हशी सुटल्या,
उन्हात ज्योत दिसेना
तेव्हा वर तळहात धरून बघायचा, आहे का.
शेवटी एक साहेब आला.
ओरडला नाही. सिगारेट दिली.
काका ओढत नसे.
ती सिगारेट आमच्या आल्तारावर,
सांत अंतोनच्या मागे, बरीच वर्षं होती.
मग वाळवी लागली.

लढाई संपल्यावर भंगाराचा लिलाव झाला.
काकाने तीनच पट्ट्या घेतल्या, तासभर निवडून.

आज बिल्डरचा माणूस आलाय.
विहीर बुजवू म्हणतो, झाकणाचे किलोला छत्तीस देतो.
डोक्यावरून उतरणारं विमान जातं,
तेवढं बोलणं थांबतं.
तो वर बघतो, मी खाली.
बाराचं ऊन भोकांतून पाण्यात उतरलंय,
गोल गोल, ओळीने,
हलतंय.

मग काय, तो म्हणतो.
थांबा, म्हटलं. मोजतोय.
अकराव्यालाच चुकलो.