नेमून दिलेला नंबर

नॉर्बर्ट विस्नेव्स्की बुटांचा खोका घेऊन आला,
तिसऱ्यांदा.
आत पावत्या: इंजिनाची, गिअरबॉक्सची,
ओहायोहून मागवलेल्या फायबरच्या बॉडीची,
आणि एका नॅपकिनवर मेव्हण्याची सही:
स्टिअरिंग मी दिलं. फुकट.

नॅपकिन चालत नाही, मी म्हटलं.
अंगाऱ्याची पुडी ठेवावी
तसा त्याने तो परत खिशात ठेवला.

वॉसॉत बर्फ साचलेला. खाली ट्रेलरवर ती:
निळी, बसकी, रुंद नाकाची,
पासष्ट सालची.
म्हणजे, पासष्ट सालची दिसणारी.

"कंपनी?"
त्याने ते गाजलेलं नाव घेतलं, जरा हळूच.
ते हिचं नाव नाही, मी म्हटलं.
"वर्ष?"
इंजिन एकोणनव्वदचं, ठोकलेल्या मस्टँगमधून काढलेलं.
मागचा एक्सल त्याहून जुना.
आणि गराजमधले नऊ हिवाळे,
बायको वरून ओरडायची, सूप गार होतंय.
"यातलं कुठलं लिहू?"

कुठलंच नाही.
फॉर्मवर एक चौकोन आहे: जोडून बनवलेलं वाहन.
वर्ष आम्ही ठरवू ते.
नंबर आम्ही देऊ तो.

"म्हणजे ही यंदा जन्मली?"
त्याचा चेहरा एवढासा झाला.

काउंटरवर घरचं बोलू नये.
पण मागे रांगेत कुणी नव्हतं.

माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जानेवारी.
आईचाही. दोन्ही काकांचाही.
मेकाँग ओलांडून आलेल्यांना छावणीत
टेबलामागच्या माणसाने विचारलं, जन्म कधीचा?
आजी म्हणाली, भातकापणी चालली होती.
भातकापणीला चौकोन नव्हता.

त्याच तारखेवर वडिलांनी घर घेतलं,
मला शाळेत घातलं,
पाठ मोडेस्तोवर लोकांच्या शेतात जिनसेंग खणलं.
केक आम्ही त्याच दिवशी कापतो.
त्यांना वरचं क्रीम आवडतं.

नॉर्बर्ट बराच वेळ खोक्याचं झाकण
उघडत मिटत राहिला.
"आणि खरा कधी?"
भात कापतात तेव्हा, मी म्हटलं. साधारण.

इन्स्पेक्टरने दाराच्या चौकटीत
पत्र्याची पट्टी ठोकली. दोन रिव्हेट.
नॉर्बर्टने हातमोजा काढला,
अंगठ्याने एकेक आकडा चाचपला,
शेवटचा दोनदा.
थंडीत बोट पत्र्याला चिकटलं असणार.

जाताना नॅपकिन काउंटरवर राहिला,
की त्याने ठेवला.
मी तो फाइलच्या पाठीला स्टेपल केला.
कुणी विचारलंच तर सांगेन,
चुकून.