सतरा आत, एकोणीस बाहेर

बर्गनच्या फेरी कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर,
टोरगाईरने भिंतभर कागद लावला.
नऊ महिने नुसती चौकट निवडण्यात गेले होते.
पहिली इतकी जाड की वाचता वाचता हिवाळा सरला.
दुसरी ताठ, बराकीतून आल्यासारखी.
तिसरी आम्ही अर्धीच उसवून घेतली,
बाही आपल्या हाताला बसेल एवढी,
उरलेली कपाटात आहे, बिलासकट.

मग साधन. तीन विक्रेते आले.
तिघांच्या पडद्यावर तेच निळे चौकोन,
तेच बाण, कुठेही न अडखळणारे.
सिग्वेने विचारलं, बाण चुकीचा काढला तर हे सांगतं का?
तिघेही हसले.
जो सगळ्यात कमी हसला त्याचं घेतलं.

नोव्हेंबरपासून मी दारोदार फिरतेय
खानेसुमारीच्या बाईसारखी:
तुमच्याकडे प्रणाली किती, कोण कोणाला काय देतं?
तिकीट वेळापत्रकाला देतं, वेळापत्रक धक्क्याला,
आणि मध्ये कुठेतरी जो तो म्हणतो,
ते ओड्नीकडून येतं.

ओड्नी. मी चौकोन काढला.
आवृत्ती: माहीत नाही.
विक्रेता: माहीत नाही.
मालक: रिकामा.
सतरा बाण आत शिरले, एकोणीस बाहेर पडले,
आणि साधनाने तिला लाल केलं:
जुनी, पर्याय नाही, वर्षभरात निवृत्त करावी.

टोरगाईर म्हणाला, भेटून तरी ये.

तळघरात, भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली
एक बाई हीटरवर लोकरीचे मोजे वाळत घालत होती.
मीच ती, म्हणाली.
पहाटे चारला ती दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवते
आणि बोट फिरवते.
बेटावरून कोण डायलिसिसला येणार तिला तोंडपाठ.
त्या फेरीतून ती एक मालट्रक उतरवते.
नियम?
वारा बघायचा, म्हणाली. आणि पलीकडे कोण राहतं ते.

मी चार पानं लिहून घेतली.
साधनात त्यांना रकाना नव्हता,
मी शेऱ्यात कोंबली, अडीचशे अक्षरांवर ते थांबलं.

माझं चित्र दाखव, म्हणाली.
चष्मा कपाळावरून खाली ओढून
तिने तो लाल चौकोन बराच वेळ न्याहाळला.
हा बाण उलटा आहे.
धक्का मला काही कळवत नाही, मीच फोन करते.

मी बाण फिरवला.
सोळा आत, वीस बाहेर.
रंग तोच राहिला.