सात सेकंद

विमान दिसू नये, ही पहिली अट.
विमानाने बोलत राहावं, ही दुसरी.
दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीच्या वर,
आणि तो कागद पाषाणच्या शेडमध्ये
माझ्या चहाच्या कपाखाली.

साध्या विमानाच्या पोटाला आम्ही
बोटभर अँटेनाचं पातं लावायचो.
चार स्क्रू, एक गास्केट, झालं.
इथे बोटभर म्हणजे दवंडी.
निळ्या फोमच्या सुळक्यांच्या खोलीत प्रतिकृती फिरवली
तर पडद्यावर सगळा काळोख
आणि मधोमध आमचं पातं,
लपाछपीत खोकणाऱ्या पोरासारखं.

मग ते कातडीतच पुरायचं ठरलं.
पत्रा कोरला, कप्पा केला,
कप्प्यात तांब्याची चकती, वर झाकण,
झाकणावर तोच काळा रंग.
रंगाने आमचाच आवाज पिऊन टाकला.
जे येणारं गिळतं ते जाणारंही गिळतं,
त्याला आपलं-परकं कोण शिकवणार?
तेवढ्यापुरता रंग खरवडला.
आता खरवडल्याची कड दिसायला लागली.

त्र्यंबक वडके, तांबट आळीतले,
निवृत्तीला अकरा महिने.
वडील हंड्यावर मठार काढायचे,
हातोडीचा एकेक घाव उन्हात वेगळा चमकावा म्हणून.
हे झाकणाच्या कडेवरून नख फिरवतात, डोळे मिटून.
"अडतंय, मॅडम."
गेज म्हणतं, केसाइतकं. तेवढं चालतं.
ते काढतात. घासतात. पुन्हा बसवतात.
"बाबांचं काम चमकलं नाही तर गिऱ्हाईक परत जायचं.
माझं चमकलं तर मी."

लोहगाव, डिसेंबर, सकाळचे सात वाजून दहा.
व्हॅनमध्ये आकडे धावतायत:
दाब, तापमान, पंखाची थरथर.
विमान डावीकडे कलतं,
चकती आमच्याकडे पाठ फिरवते
आणि आकडे गोठतात.

एक.
वरच्या बाजूला दुसरी बसवू, म्हणाले होते मी.
तीन.
नाही म्हणाले होते. अजून एक भोक, अजून एक कड.
चार.
कुणीतरी म्हणतं, वळतंय, नुसतं वळतंय.
हेडफोनमध्ये खरखरसुद्धा नाही.

व्हॅनच्या दाराबाहेर
कानटोपी घातलेले वडके, मान वर करून,
डोळ्यांवर हाताची सावली.
"आहे की, मॅडम. ते काय."

आकडे परत आले.
अहवालात मी लिहिलं: संपर्क खंडित, सात सेकंद.
त्यापुढचा रकाना पर्यायी निरीक्षणाचा असतो.
तिथे बराच वेळ पेन टेकवून बसले.
शाईचा एक ठिपका पडला,
तो तसाच पाठवला.